नव्या एंजिनाची रुळवण आणि तेलाचे माप

यंत्र कारखान्याबाहेर पडले की ते पूर्ण झाले, असा सर्वसाधारण समज असतो. एंजिनाच्या बाबतीत तो खरा नाही. एंजिनाचे शेवटचे थोडे घासकाम कारखान्यात होत नाही. ते एंजिन स्वतःच, चालता चालता, पहिल्या काही तासांत पुरे करते. या काळाला इंग्रजीवरून ‘रनिंग-इन’ म्हणतात; मराठीत त्याला ‘रुळवण’ म्हणता येईल. पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणाऱ्या दोन धावांच्या एंजिनाला या काळात नेहमीपेक्षा अधिक तेल द्यावे, असा संकेत पुष्कळ वर्षे रूढ होता. त्यामागचे कारण काय, त्याची मर्यादा कोणती, आणि ती ओलांडल्यास काय होते, हे येथे पाहावयाचे आहे. त्याचा एक मोठा धडा दिल्लीच्या रस्त्यांवरच मिळाला आहे.

१. तेल पेट्रोलमध्येच का?

चार धावांच्या एंजिनात वंगणाचे तेल तळाच्या पेटीत साठवलेले असते. ते फिरून फिरून वापरले जाते आणि जळत नाही. दोन धावांच्या एंजिनाची रचना निराळी असते. इंग्लंडमधील जोसेफ डे याने १८९१ च्या सुमारास जे साधे एंजिन प्रचारात आणले, त्यात दट्ट्याखालची बंद पेटी हाच एक पंप असतो. दट्ट्या वर जाताना पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण या पेटीत ओढले जाते. खाली येताना ते दाबले जाऊन सिलिंडरात शिरते. पेटीतून सतत इंधन वाहत असल्याने तेथे तेलाचा साठा ठेवता येत नाही. म्हणून तेल इंधनातच मिसळावे लागते. पेट्रोलची वाफ होते आणि मागे राहिलेले तेलाचे सूक्ष्म थेंब धारव्यांवर, दट्ट्यावर व सिलिंडरच्या भिंतीवर बसून वंगणाचे काम करतात. त्यानंतर ते जळतात किंवा अर्धवट जळून धुराड्यावाटे बाहेर पडतात. हे तेल एकदाच वापरले जाते, आणि त्याचा शेवट हवेत होतो, हे येथे विशेष ध्यानात ठेवावे.

रचना सोपी, वजन कमी आणि झडपांचे लटांबर नाही, या गुणांमुळे हे एंजिन जगभर पसरले. उत्तर अमेरिकेतील गोठलेल्या सरोवरांवर मासेमारीसाठी बर्फाला भोके पाडणारे गिरमिट, लाकूड कापणारी साखळी-करवत, द्राक्षबागेतील पाठीवरचा फवारापंप, अशा कितीतरी साधनांत ते आढळते. राजधानीच्या परिसराशी तर त्याचा जुना संबंध आहे. पोलंडच्या ‘एसएचएल’ मोटारसायकलीच्या नमुन्यावर आधारलेली ‘राजदूत’ ही गाडी एस्कॉर्ट्स कंपनीने १९६० च्या दशकापासून दिल्लीलगतच्या फरिदाबाद येथे तयार केली. तिचे एंजिन दोन धावांचेच होते.

२. पहिल्या तासांत काय घडते?

सिलिंडरची आतली भिंत डोळ्यांना गुळगुळीत दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र ती डोंगर-दऱ्यांनी भरलेली दिसते. भिंतीवर तेल टिकून राहावे म्हणून कारखान्यात तिच्यावर बारीक तिरप्या रेघा मुद्दामच काढलेल्या असतात. दट्ट्यावरच्या कड्या या भिंतीवरून घासू लागल्या की उंच शिखरे झिजतात, आणि कडी व भिंत एकमेकींना नेमक्या बसतात. असे झाले की वायूची गळती थांबते. पण शिखरे झिजताना घर्षण जास्त होते, आणि घर्षणातून उष्णता निर्माण होते.

या उष्णतेचा धोका एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. दट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, तर सिलिंडर पुष्कळदा ओतीव लोखंडाचा असतो. तापमान सारख्याच अंशांनी वाढले, तर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. ६० मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या १०० अंश सेल्सिअसने तापला, तर त्याचा व्यास सुमारे ०.१४ मिलिमीटरने वाढतो. तितक्याच तापलेल्या सिलिंडरचा व्यास मात्र सुमारे ०.०७ मिलिमीटरनेच वाढतो. म्हणजे दोहोंमधील फट ०.०७ मिलिमीटरने, जवळजवळ माणसाच्या एका केसाच्या जाडीइतकी, कमी होते. ही फट मुळातच फार थोडी ठेवलेली असते. दट्ट्या सिलिंडरपेक्षा अधिक तापला तर ती नाहीशी होते, तेलाचा थर फाटतो, धातू धातूला चिकटतो आणि एंजिन जागच्या जागी जखडते. कारागीर याला ‘सीझ होणे’ म्हणतात.

म्हणूनच जुन्या काळी रुळवणीसाठी २५ भाग पेट्रोलला १ भाग तेल, किंवा त्याहूनही दाट मिश्रण सांगितले जाई. पुढे तेलांचा दर्जा सुधारला आणि नेहमीचे प्रमाण ५० ला १ इतके पातळ झाले. आज अनेक निर्माते रुळवणीसाठीही हेच प्रमाण पुरेसे मानतात. ज्या त्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले माप हेच त्या यंत्राचे योग्य माप होय.

३. मापाचे गणित

५ लिटर पेट्रोलसाठी लागणारे तेल पुढीलप्रमाणे:

२५ ला १ : २०० मिलिलिटर
३२ ला १ : सुमारे १५६ मिलिलिटर
४० ला १ : १२५ मिलिलिटर
५० ला १ : १०० मिलिलिटर

मिश्रण स्वतंत्र, स्वच्छ डब्यात करावे. आधी निम्मे पेट्रोल ओतावे, मग मोजलेले तेल घालून डबा हलवावा, आणि शेवटी उरलेले पेट्रोल मिसळावे. तेल पेट्रोलपेक्षा जड असते. ते थेट यंत्राच्या टाकीत ओतले तर तळाशी बसते आणि एंजिनाला प्रथम जवळजवळ तेलच मिळते. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते व ते हवेतील ओलावा शोषून घेते. तेव्हा मिश्रण लागेल तेवढेच करावे, साठवून ठेवू नये. हे सारे काम उघड्या हवेत, आगीपासून दूर आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावे.

४. ‘थोडे जास्त’ घातले तर?

जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता, असे सहज वाटते. पण कार्ब्युरेटरचे छिद्र मिश्रणाचे ठरावीक आकारमान सोडते. त्यात तेल वाढले की पेट्रोल कमी होते. ५० ला १ या मिश्रणाच्या एका लिटरात सुमारे ९८० मिलिलिटर पेट्रोल असते. १० ला १ असता ते ९०९ मिलिलिटर उरते. हवा तेवढीच आणि पेट्रोल कमी, अशा स्थितीत ज्वलन अधिक उष्ण होऊ शकते. म्हणजे ज्या उष्णतेपासून एंजिनाला वाचवायचे, तिलाच हातभार लागतो. शिवाय न जळलेल्या तेलाची काजळी कड्यांच्या खाचांत, धुराड्याच्या तोंडाशी आणि ठिणगी देणाऱ्या प्लगवर साचते.

रुळवणीचे खरे रक्षण तेलाच्या अधिक थेंबांत नसून चालवण्याच्या रीतीत आहे. पहिले काही तास एंजिनावर पूर्ण भार घालू नये. एकाच वेगाने फार वेळ चालवू नये. मधूनमधून थांबवून ते निवू द्यावे.

५. दिल्लीचा धडा

रुळवणीचा नियम काही तासांसाठी असतो. त्याची सवय मात्र वर्षानुवर्षे टिकली. १९९० च्या दशकात दक्षिण आशियातील अनेक शहरांत दुचाकींसाठी २ टक्के व तीनचाकींसाठी ३ टक्के तेल सांगितलेले असताना, सुट्या बाटलीतून अंदाजाने त्याच्या कितीतरी पट तेल ओतले जाई. आणि ते दोन धावांच्या एंजिनासाठी बनवलेले असेच, असेही नव्हे. दिवसाला ५ लिटर पेट्रोल जाळणाऱ्या रिक्षेला ३ टक्क्यांप्रमाणे १५० मिलिलिटर तेल पुरते. १० टक्के घातल्यास ते ५०० मिलिलिटर होते. अशा हजार रिक्षा धरल्या, तर शहरात रोज ३५० लिटर तेल विनाकारण खर्ची पडते, आणि त्यातील बराचसा भाग धूर होऊन हवेत मिसळतो. त्या धुराचा निळसर रंग तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांमुळे येतो. हे थेंब प्रकाशातील निळे किरण अधिक विखुरतात. इतके बारीक थेंब श्वासाबरोबर फुप्फुसांत खोलवर जातात. त्यांचा पहिला वाटेकरी दिवसभर रस्त्यावर असणारा रिक्षाचालकच असे.

दिल्लीच्या हवेसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी जो आदेश दिला, त्यात दोन धावांच्या वाहनांना पेट्रोलपंपावर आधीच मापाने मिसळलेले इंधनच मिळावे, असे बंधन घातले; त्यासाठी ३१ डिसेंबर १९९८ ही मुदत ठरली. पंपावरील आणि गॅरेजातील सुट्या तेलाच्या विक्रीलाही बंदी आली. पुढे कमी धूर करणाऱ्या तेलाचा आग्रह धरला गेला. अशा तेलात जड खनिज तेलाच्या काही भागाऐवजी स्वच्छ जळणारे पॉलिआयसोब्युटिलीन घातलेले असते. त्यानंतर दिल्लीतील ऑटोरिक्षा नैसर्गिक वायूवर चालू लागल्या. पण पहिल्या वायुरिक्षांपैकी अनेकींची एंजिने दोन धावांचीच होती, आणि इंधन बदलले तरी त्यांना तेल लागतच होते. चार धावांची एंजिने आली तेव्हाच हा प्रश्न मुळातून सुटला.

आज राजधानीच्या रस्त्यांवर दोन धावांचे एंजिन क्वचितच ऐकू येते. उद्यानांतील गवतकापणी यंत्रांत आणि शेतातील फवारापंपांत मात्र ते अजून आहे. तेथे तेल मोजणारा हात माणसाचाच असतो. अंदाजाने घातलेले तेल यंत्राला वाचवत नाही आणि हवेला बिघडवते. म्हणून तेलाच्या डब्याशेजारी खुणा असलेले मापपात्र ठेवणे, ही यंत्रविद्येतील पहिली शिस्त होय.

प्रश्न

१. दोन धावांच्या एंजिनात तळाच्या पेटीत तेलाचा साठा का ठेवता येत नाही?
२. ५० मिलिमीटर व्यासाचा अ‍ॅल्युमिनियमचा दट्ट्या आणि त्याच व्यासाचा लोखंडी सिलिंडर हे दोन्ही १०० अंशांनी तापले, तर त्यांमधील फट किती कमी होईल?
३. ८ लिटर पेट्रोलसाठी ४० ला १ या प्रमाणात किती तेल लागेल?
४. तेल वाढवल्याने पेट्रोलचे प्रमाण कमी कसे होते, ते उदाहरणाने सांगा.