तोच बिघाड पुन्हा : वॉरंटीतील मोटारसायकल आणि ग्राहकाचा हक्क

(बी. ए. भाग २)

आजऱ्यासारख्या डोंगराळ तालुक्यात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटे डेअरीला दूध घालणारा शेतकरी, वाडीवरून कॉलेजला येणारा विद्यार्थी, गडहिंग्लजला कामावर जाणारा नोकरदार या सर्वांचा दिवस तिच्यावर अवलंबून असतो. उसाचे बिल आणि बँकेचे कर्ज यांची जुळणी करून घेतलेली नवी गाडी वरचेवर वाटेत बंद पडू लागली, तर माणसाने काय करावे? आपल्याकडे याचे उत्तर बहुधा ‘नशीब’ या एका शब्दात दिले जाते. प्रस्तुत लेखात नशीब बाजूला ठेवून, यंत्र आणि कायदा या दोन अंगांनी या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

बिघाड पुन्हा का होतो?

वीज तयार करणारा मॅग्नेटो, तिचा दाब आवरणारा रेग्युलेटर, ती साठवणारी बॅटरी आणि ती सर्वत्र पोचवणारे वायरिंग अशी ही साखळी असते. वायरिंगच्या सांध्यांवर कपलर असतात. आपल्याकडचा पाऊस सर्वांच्या परिचयाचा आहे. कपलरमध्ये ओल शिरली की तांब्यावर हिरवट गंज चढतो आणि विजेच्या वाटेत अडथळा येतो. हँडलजवळच्या वायरा प्रत्येक वळणावर वाकतात. कधी आतील तारा तुटतात, पण वरचे आवरण शाबूत दिसते. अशी गाडी खड्ड्यात बंद पडते आणि सर्व्हिस सेंटरच्या कोरड्या फरशीवर मात्र शहाण्यासारखी चालू होते!

मग उडालेला फ्यूज बदलतात, उतरलेली बॅटरी चार्ज करतात. परंतु हा इलाज लक्षणावरचा झाला, रोगावरचा नव्हे. १२ व्होल्टची पूर्ण चार्ज झालेली बॅटरी इंजिन बंद असताना मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करून रेस दिल्यावर हा आकडा सर्वसाधारणपणे १३.५ ते १४.५ पर्यंत चढला पाहिजे. तो चढलाच नाही तर चार्जिंगमध्ये दोष आहे. १५ च्या पुढे जाऊ लागला तर रेग्युलेटरवर संशय घ्यावा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज बसवणे तर धोक्याचे. मग फ्यूजऐवजी वायरच तापते, प्रसंगी जळते.

जॉब कार्डाचे महत्त्व

आमच्या घरच्या गाडीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. पावसात चालताना हेडलाइट आणि स्टार्टर एकदम बंद पडत. पाच महिन्यांत वडिलांनी चार खेपा घातल्या. चारही जॉब कार्डांवर ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहिलेले होते, आणि दाखवतील तेथे वडिलांनी सही केली होती. म्हणजे प्रत्यक्षात दोष एकच. कागदावर मात्र दोषच नव्हता! पाचव्या खेपेस मी सोबत गेलो आणि ‘पावसात चालताना हेडलाइट व स्टार्टर बंद पडतात, हीच तक्रार पाचव्यांदा’ असे लिहून घेतल्यावरच चावी दिली. त्या दिवशी प्रथमच टाकी उतरवून वायरिंग तपासले गेले. हँडलच्या मुळाशी वायर चेपलेली सापडली आणि वायरिंगचा पूर्ण संच वॉरंटीत बदलून मिळाला.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात ग्राहक चळवळीची परंपरा जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला. पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. गाडी बेळगावला घेतली असली तरी आजऱ्याच्या माणसाला कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील द्यावाच लागतो असेही नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दूध घालणाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावे, की केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही, तोही ग्राहकच.

परंतु तक्रार केली की नवी गाडी मिळते, हा समज बरोबर नाही. मारुती मोटारीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली असा निर्णय दिला, की वॉरंटीत दोषयुक्त भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची जबाबदारी असेल, तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा हुकूम योग्य नाही. उलट २०१० साली फियाट मोटारीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करवून, मूळ घडणीतच दोष आढळल्यास पैसे परत द्यावेत, असे ठरवले. तात्पर्य, दोष मुळातला आहे हे पुराव्याने दाखवावे लागते, आणि पुरावा कागदाचा लागतो.

ग्राहकाने काय करावे?

(१) जॉब कार्डावर गाडीचे लक्षण, तारीख, किलोमीटर आणि ‘कितव्यांदा’ हे लिहून घ्यावे व प्रत जपावी.
(२) बिघाड चालू असतानाच मोबाइलवर चित्रण करावे.
(३) वॉरंटीच्या काळात बाहेर वायरिंग कापून जादा दिवे वा हॉर्न बसवू नयेत. वॉरंटी नाकारण्यास तेवढे निमित्त पुरते. बॅटरीची हमी बहुधा वेगळी असते, तिचे कार्डही जपावे.
(४) दोष राहिल्यास विक्रेता व कंपनी या दोघांना लेखी कळवून पोच घ्यावी. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि शेवटी जिल्हा आयोग.

आपल्यापैकी कितीतरी जण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले आहेत. घरात येणारा छापील कागद आजवर कोणी वाचत नव्हते. त्यावर फक्त सही होत होती. परीक्षेतील गुणांचा घरच्यांना काय उपयोग होईल तो पुढे होवो. सहीपूर्वी प्रत्येक कागद मोठ्याने वाचून दाखवणे आणि त्यात आपले म्हणणे लिहिले आहे की नाही ते पाहणे, हे काम मात्र आजपासूनच करता येण्यासारखे आहे.