बर्लिनच्या अंगणात रोह्याचे वाल

प्रश्न : माझं माहेर पेण, सासर रोहा. सध्या आम्ही बर्लिनमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. इमारतीच्या सामायिक हिरवळीत वाफा करून गावाकडचे वाल लावता येतील का?
– एक वाचक

उत्तर : हिरवळ सर्व भाडेकरूंची असली, तरी ती खणण्याआधी घरमालकाची किंवा इमारत व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्या. शेजाऱ्यांनाही सोबत घ्या. एकत्रित अर्जाचं वजन वेगळंच असतं. स्वतंत्र जमीन हवी असेल, तर 'क्लाइनगार्टन' (भाड्याने मिळणारा छोटा बागेचा तुकडा) संघाकडे नाव नोंदवा. 1983 च्या जर्मन कायद्यानुसार असा तुकडा 400 चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा. तिथे काही भागात भाजी-फळं लावावीच लागतात आणि कायम राहता येत नाही. मोठ्या शहरांत प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून आजच अर्ज करा.

बियाणं सामानातून नेऊ नका. डिसेंबर 2019 पासून युरोपीय संघाबाहेरचं बियाणं नेण्यासाठी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं.

आता वालाचं. रोह्यात भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर वाल होतो. त्याच्या बऱ्याच गावरान जातींना फुलायला लहान दिवस लागतात. जर्मनीतल्या उन्हाळ्याच्या लांब दिवसांत वेल नुसता माजतो, फुलं येईपर्यंत थंडी गाठते. त्यापेक्षा मेच्या मध्यानंतर, दहिवराची भीती सरल्यावर, फरसबी लावा. अळू कुंडीत ठेवा, हिवाळ्यात घरात घ्या. पहिली तोड शेजाऱ्यांना वाटा. सामायिक बाग अशा देवाणघेवाणीवरच टिकते.