व्हीआर ॲप स्टोअरवर टाकायचंय? पैसे कुठे लागतात ते आधी पाहा

फीचा हिशेब चार ओळींत संपतो. मेटा क्वेस्टच्या स्टोअरसाठी डेव्हलपर म्हणून नोंदणी करायला पैसे पडत नाहीत. स्टीमवर दर ॲपमागे १०० डॉलर भरावे लागतात. ॲपची विक्री १,००० डॉलरपर्यंत पोहोचली की ते परत मिळतात. ॲपल व्हिजन प्रोसाठी वर्षाला ९९ डॉलर. विक्री सुरू झाली की स्टोअरचा वाटा, साधारण ३० टक्के, कापला जातो. मोठा खर्च गुणवत्तेचे निकष गाठण्यात होतो आणि छोट्या स्टुडिओंच्या अंदाजपत्रकात नेमका तोच धरलेला नसतो.

मेटाच्या निकषांना ‘व्हीआरसी’ म्हणतात. त्यातला सर्वांत महाग निकष फ्रेम रेटचा. क्वेस्टवरच्या गेमला किंवा प्रशिक्षणाच्या ॲपला सेकंदाला किमान ७२ फ्रेम द्याव्याच लागतात. म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १३.९ मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळी चित्रं तयार व्हायला हवीत, तीही मोबाइलच्या जातीच्या चिपवर. फ्रेम गळल्या की मान वळवताना दृश्य मागे रेंगाळतं, डोकं गरगरतं, मळमळतं. माणसाच्या शरीराला त्रास होऊ नये म्हणून हा नियम आहे, त्यामुळे तो कडक आहे हेच मला योग्य वाटतं.

तो गाठायचा तर मॉडेलमधले पॉलिगॉन कमी करावे लागतात, सावल्या आधीच बेक कराव्या लागतात, पारदर्शक मटेरियल टाळावी लागतात. हे सगळं शेवटच्या महिन्यात सुचलं तर आर्टिस्टला त्याच मॉडेलचे पैसे दोनदा द्यावे लागतात. म्हणून पहिल्या महिन्यातच हेडसेट घ्या. क्वेस्ट ३एस २०२४ मध्ये अमेरिकेत ३०० डॉलरच्या आसपास किमतीला आला. बाहेरून मागवताना त्यावर जकात आणि वाहतूक धरा. ॲप क्वेस्ट २ वर चालेल असं सांगणार असाल, तर जुना क्वेस्ट २ सुद्धा घ्या आणि मोजमाप त्याच्यावरच करा. फ्रेम मोजणारं ओव्हीआर मेट्रिक्स टूल फुकट आहे.

बाकीचे निकष स्वस्त आहेत, पण विसरले जातात. ॲप उघडल्यावर चार सेकंदांत दृश्य किंवा लोडिंगची खूण दिसायला हवी. एपीके फाइल १ जीबीच्या आत हवी. गरज नसताना मायक्रोफोनची परवानगी मागू नका. गोपनीयता धोरण दुसऱ्याचं उचलू नका. आवाज किंवा मुलांची माहिती साठवत असाल तर वकिलाची फी खर्चात धरा. आणि कधीच हेडसेट न घातलेल्या पाच-सहा जणांना मानधन देऊन ॲप वापरायला द्या. तुमच्या टीमच्या डोळ्यांना सवय झालेली असते, त्यांना गरगरणं जाणवत नाही. ॲप आरामदायी, मध्यम की तीव्र, हे नव्या माणसांना काय वाटलं त्यावरून ठरवा.

स्टीमवर विकणार असाल तर अमेरिकी कराचा फॉर्म नीट भरा. पॅन देऊन भारत-अमेरिका कराराचा लाभ घेतला, तर तिथल्या विक्रीच्या रॉयल्टीवर ३० ऐवजी १५ टक्के कर कापला जातो.

तपासणीत ॲप परत आलं की दुरुस्ती करून पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं आणि तेवढे दिवस टीमचे पगार चालूच असतात. त्यासाठी एका महिन्याचे पगार बाजूला ठेवा आणि मंजुरी हातात येईपर्यंत जाहिरातीत तारीख छापू नका.