ठिपका किती मंद होतो ते आधी बघा

स्वप्नील कुसाळेच्या २०२४ च्या ऑलिंपिक पदकामुळे नेमबाजीची रायफल मराठी घरांत पोचली. त्या रायफलवर दुर्बीण नसते, नियमातच बसत नाही. मी लिहितोय ते जर्मनीतल्या शिकारी रायफलवरच्या, मोठेपणा कमी-जास्त करता येणाऱ्या दुर्बिणीबद्दल. इथल्या कायद्यात सूर्यास्तानंतर दीड तासाने रात्र धरतात, आणि खुरांच्या जनावरांपैकी रानडुकराचीच शिकार तेव्हा चालते. काळोखात काळ्या जनावरावर काळी फुली दिसणार कशी? म्हणून फुलीच्या, म्हणजे रेटिकलच्या, मध्यावर लाल ठिपका पेटवतात. तो पारखायचा कसा, हे मचाणावर बसून बसून थोडंफार कळलं. मी राहतो वेट्झलारजवळ, लायका कॅमेऱ्याच्या गावाजवळ. इथे भिंगांबद्दल मत नसलेला शिकारी सापडत नाही, तेव्हा माझंही एक.

१. दुकानात विक्रेता ठिपका ढणढणीत पेटवून दाखवतो. त्याकडे लक्ष देऊ नका. सगळ्यात खालच्या पायरीवर तो किती मंद होतो ते बघा. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला जरासा जास्त उजेडही दिपवतो आणि ठिपक्याभोवतीचं जनावर नाहीसं होतं. समोर एकटा नर आहे की पिल्लांची आई, हे तर ओळखायलाच हवं, कारण लेकुरवाळ्या मादीला मारायला बंदी आहे. दुकानदाराला विनंती करून मागच्या खोलीत दिवा मालवून दहा मिनिटं बसा. डोळा पुरता सरावायला अर्धा तास लागतो, पण वाईट ठिपका दहा मिनिटांतही उघडा पडतो.

२. त्याच अंधारात सांडणारा उजेड तपासा. काचेवर कोरलेल्या खुणेवर बाजूने एलईडीचा प्रकाश पडतो आणि खूण तो डोळ्याकडे विखुरते. कोरीव काम खडबडीत असलं किंवा नळीच्या आतला काळा लेप कच्चा असला, की ठिपक्याबरोबर नळीच्या कडाही लालसर दिसतात. दुपारी ही खोट दिसत नाही.

३. रेटिकल पुढच्या, म्हणजे भिंगाकडच्या, प्रतिमा-प्रतलात आहे की मागच्या, म्हणजे डोळ्याकडच्या, ते विचारा. पुढच्या प्रतलातलं रेटिकल मोठेपणाबरोबर वाढतं. एक पटीवर फुली इतकी बारीक होते की सगळी भिस्त उजेडावर, आणि मोठेपणा वाढवला तरी ठिपका जनावराचा तेवढाच भाग झाकत राहतो. मागच्या प्रतलातलं आहे तेवढंच राहतं. जर्मनीत जुनी पसंती पुढच्याला होती. रात्रीसाठी मी मागचंच घेईन. पण त्यातही एक मेख आहे. ५६ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण ८ पटीवर डोळ्यात ७ मिलिमीटरचा प्रकाशझोत सोडते, १२ पटीवर जेमतेम ४.७. दृश्य मंदावतं, ठिपका मात्र तेवढाच राहतो आणि एकाएकी डोळ्यात खुपायला लागतो. म्हणून ठिपक्याची परीक्षा सगळ्यात मोठ्या पटीवर अंधारात घ्या.

४. हिवाळ्यातल्या हाक्याच्या शिकारीत नेमकं उलटं. भर दुपार, बर्फ, पळणारं जनावर आणि १-६×२४ दुर्बीण. इथे ठिपका पुरेसा प्रखर हवा. कोरलेल्या खुणेचा ठिपका बर्फावर बहुधा विरतो, ऑप्टिकल फायबरचा टिकतो. दुकानाच्या दारात येऊन उजळ ढगाकडे बघा, आणि बघताना डोळा मुद्दाम थोडा डावी-उजवीकडे सरकवा. काही ठिपके तेवढ्यानेच विझल्यासारखे होतात. पळत्या जनावरामागे रायफल फिरवताना गाल नेमका जागेवर राहत नाही, त्यामुळे हा दोष मी माफ करत नाही.

५. ठिपक्याला काटे फुटलेले दिसले तर आधी डोळ्याजवळची कडी फिरवून रेटिकल स्पष्ट करून घ्या. तरी काटे राहिले तर मान तिरकी करा. काटे मानेबरोबर फिरले तर दोष तुमच्या डोळ्यातला. चष्मेवाल्याकडे जा, दुर्बीण परत करू नका.

६. बॅटरी बहुधा सीआर२०३२ असते आणि थंडीत ती लवकर दमते. प्रत्येक दोन पायऱ्यांमध्ये 'बंद'ची जागा असलेलं बटण मी पसंत करतो: ठिपका नेहमीच्या पायरीच्या शेजारीच विझवून ठेवायचा, हातमोज्यातल्या बोटाने एक टिचकी, की हवा तेवढा उजेड. अंधारात शून्यापासून पायऱ्या मोजत बसावं लागत नाही.