जुलैत माथेरान, आई-बाबांसह

प्रश्न : जुलैत आई-बाबांना माथेरानला न्यायचं आहे. त्यांना चालणं झेपेल का?

उत्तर : जरूर न्या, पण मुक्कामी जा. एका दिवसात बाजारपेठ आणि चिक्कीपलीकडे काही हाती लागत नाही. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी छोटी गाडी बंद असते, म्हणून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत या. पुढे खासगी मोटारींना बंदी आहे. जवळच्या अमन लॉज स्थानकावरून शटल मिळते, ती गावात सोडते.

सकाळी शार्लोट तलावाकडे निघा. वाट दाट झाडीतली, तांबड्या मातीची. ओली झाली की फार निसरडी. चपला नकोतच, पकड असलेले बूट हवेत. काठावर ग्रामदैवत पिसारनाथाचं देऊळ आहे, तिथे निवांत बसा. खाऊची पिशवी माकडांपासून सांभाळा. धुकं असेल तर कड्यावरचे पॉइंट टाळा. पिठलं-भाकरी हवी असेल तर मुक्कामाच्या ठिकाणी सकाळीच सांगून ठेवा.