न दिसणारें दुखणें

कांहीं मुलें सकाळीं खेळतात आणि सायंकाळीं हातपाय धरून विव्हळतात. अंगावर जखम नसते, म्हणून घरचे म्हणतात, "शाळा चुकविण्याचें सोंग आहे." गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार व मेळघाट या भागांत अशा कित्येक मुलांस सिकलसेल हा रक्ताचा आजार असतो. त्याविषयीं आपण आज शिकूं.

१. दुखतें कां? रक्तांतील तांबड्या पेशी वाटोळ्या व मऊ असतात. या आजारांत त्या विळ्यासारख्या वांकड्या व ताठर होऊन बारीक शिरांत अडकतात. पाटांत कचरा साचला म्हणजे पुढील वाफ्यास पाणी पोहोंचत नाहीं, तसेंच येथें घडतें. जेथें रक्त पोहोंचत नाहीं तेथें कळा उठतात. हा आजार करणीनें वा दृष्ट लागल्यानें होत नाहीं, व शिवल्यानेंही लागत नाहीं. तो आईबापांकडून उतरतो. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक मुलास तो होण्याचा संभव ४ त १ इतका असतो.

२. मूल तें कसें सोसतें? लहान मूल रडतें. मोठें गप्प बसतें. रोजच्या कळांची संवय झालेलें मूल हसतेंही, परंतु हसलें म्हणून दुखणें थांबलें असें नव्हे. १२ ते १५ वर्षांचीं मुलें आईबापांस चिंता नको म्हणून दुखणें लपवितात. शाळा बुडते, सोबती पुढें जातात. तें शल्य वेगळेंच. येथें विद्वानही चुकले आहेत. तान्ह्या बाळास वेदना नीट कळत नाहींत, असें कित्येक डॉक्टर समजत, डॉ. आनंद व डॉ. हिकी यांनीं १९८७ सालीं तो समज खोडून काढिला. मग आम्हीं आपल्या अंगणांतील मुलास खोटें ठरविण्याची घाई कां करावी?

३. आपण काय करावें? प्रथम मुलाचें म्हणणें खरें मानावें. किती दुखतें हें सांगतां न आल्यास हसऱ्यापासून रडव्यापर्यंत ६ चेहरे काढून त्यांवर बोट ठेवावयास सांगावें. दवाखान्यांतही ही रीत आहे. पाणी वारंवार पाजावें, थंडी व अति श्रम टाळावे, दुखऱ्या जागीं ऊब द्यावी. बर्फ लावूं नये. ताप, धाप, छातींत कळ किंवा अर्ध्या अंगाचें बळ जाणें दिसल्यास क्षणभरही थांबूं नये. हायड्रॉक्सियुरिया हें औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीं नेमानें घेतल्यास पुष्कळांच्या कळा कमी होतात. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ सालीं सुरू झाली आहे. लग्नापूर्वीं मुलामुलींची रक्ततपासणी करून घ्यावी.

प्रचारक बंधूंनो, आजाऱ्याच्या घरीं प्रार्थना अवश्य करा, परंतु तिच्या भरंवशावर दवाखाना टाळूं देऊं नका.

प्रश्न : (१) कळा कशानें उठतात? (२) आपल्या मंडळींत असें कोणतें मूल आहे कीं, ज्याचें दुखणें आपण सोंग मानिलें?