आधी पाणी, मग औषध

मुलांनो, बाजारात तुम्ही रोहू आणि कटला हे मासे पाहिले असतील. यांतील पुष्कळ मासे तळ्यात वाढवलेले असतात. याला मत्स्यशेती म्हणतात.

तळ्यात सहसा तीन जातींचे मासे एकत्र सोडतात. कटला वरच्या थरात अन्न शोधतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. त्यामुळे तळ्यातील सर्व अन्न उपयोगी पडते.

आता असे समजा, की पहाटेची वेळ आहे. तळ्यातील मासे वर आले आहेत आणि तोंड उघडून हवा घेत आहेत. 'रोग आला!' असे म्हणून शेतकरी औषध आणायला धावतो. पण बहुतेक वेळा या माशांना औषध नको असते, प्राणवायू हवा असतो. असे का होते? दिवसा पाण्यातील हिरव्या वनस्पती सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करतात. रात्री हे काम थांबते. मासे, वनस्पती आणि कुजणारा कचरा मात्र रात्रभर प्राणवायू वापरतात. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. अशा वेळी ताजे पाणी उंचावरून सोडावे व खाद्य बंद ठेवावे.

काही लोक शेवाळ मारण्यासाठी मोरचूद टाकतात. मेलेले शेवाळ कुजते आणि उरलेला प्राणवायूही संपतो. मग एका रात्रीत सारे मासे मरू शकतात.

रोग येऊ नये म्हणून काय करावे? मासे सोडण्यापूर्वी तळ्याचा तळ उन्हात वाळवावा आणि योग्य प्रमाणात चुना टाकावा. माशांची गर्दी करू नये. जास्त खाद्य टाकू नये, कारण उरलेले खाद्य कुजते.

तरीही रोग आलाच, तर तज्ज्ञांना विचारूनच औषध द्यावे. प्रतिजैविके वारंवार वापरली, तर जंतू त्यांना सरावतात. पुढे तीच औषधे माणसांनाही लागू पडेनाशी होतात. क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या औषधांना आपल्या देशातील मत्स्यशेतीत बंदी आहे.

तळ्यात जे पडते, ते माशात जाते आणि माशातून आपल्या ताटात येते. हे नेहमी लक्षात ठेवा.

शब्दार्थ
थर – पातळी
शेवाळ – पाण्यावर वाढणारी बारीक हिरवी वनस्पती
मोरचूद – निळ्या रंगाचे एक विषारी रसायन
प्रतिजैविके – रोगजंतू मारणारी औषधे
सरावणे – सवय होणे

प्रश्न
१. पहाटे मासे पाण्यावर का येतात?
२. मोरचूद टाकल्याने प्राणवायू कसा कमी होतो?
३. तुमच्या गावातील तळ्यात काय काय टाकले जाते? पाहा व पाच वाक्ये लिहा.